पाटाजवळचा बातम्यांचा फळा

मखमलाबादला पाटाच्या पुलाजवळ सोसायटीच्या गोदामाची एक लांबलचक भिंत होती. भिंतीवर सिमेंटचा गिलावा करून, त्याला काळा रंग देऊन केलेला एक फळा होता. सिटी बसचा थांबा बरोबर त्याच्यासमोर. शाळेत असताना आम्ही मुली बसची वाट पाहत तिथे उभ्या राहायचो, आणि बस वेळेवर आली की आम्हाला वाईट वाटायचं, कारण फळा अर्धाच वाचून व्हायचा.

तो फळा चिमाजी काकड लिहायचे. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही म्हणते. धंदा फुलांचा. पाटाच्या खालच्या अंगाला त्यांचा दीड एकराचा मळा, त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाला थोडा निशिगंध. पहाटे फुलं घेऊन ते नाशिकच्या फुलबाजारात जायचे आणि आठच्या सुमारास सायकलच्या कॅरिअरला वर्तमानपत्र लावून परत यायचे. आधी घरी जात नसत. सायकल स्टँडवर लावायची, ओल्या फडक्याने कालचं पुसायचं, फळा वाळेपर्यंत वर्तमानपत्र चाळायचं आणि मग खिशातला खडू काढायचा. जुन्या अकरावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला हा माणूस, पण अक्षर असं की शाळेतले चित्रकलेचे सर बसमधून उतरून ते पाहायला उभे राहायचे. नानांना ड्रॉइंग मास्तरच व्हायचं होतं. ते राहिलं. फळा मात्र झाला.

फळ्यावर सगळ्यात वर गावातलं काहीतरी असायचं. कुणाची म्हैस हरवली, कुणाकडे लग्न, पाटाला पाणी कधी सुटणार. त्याखाली जगातली एखादी अजब बातमी. आणि सगळ्यात खाली, जरा तिरक्या अक्षरात, ‘आपले म्हणणे’. मला त्यातल्या कितीतरी बातम्या अजून पाठ आहेत. ‘इटलीत एका बाईने सतरा वर्षे पोपटाला बोलायला शिकवले. पोपट बोलला नाही. बाईला शीळ घालता येऊ लागली. आपले म्हणणे : शिकवणी वाया गेली असे म्हणता येणार नाही.’ किंवा, ‘एका पत्राला शेजारच्या गावी पोहोचायला एकोणचाळीस वर्षे लागली. आत लिहिले होते, ताबडतोब निघ. आपले म्हणणे : पोस्टमनला दोष देऊ नये, त्याने आणून तर दिले.’ वाचून आम्ही हसायचो आणि बसमध्ये दिवसभर पुरेल एवढा विषय मिळायचा. आज माझ्या फोनवर सकाळी उठल्यापासून अशा दोनशे गोष्टी येऊन पडतात. संध्याकाळी त्यातली एकही आठवत नाही.

माझ्या स्वतःच्या आयुष्याला त्या फळ्याने वळण दिलं. त्र्याण्णव साली मी दहावी झाले. वडिलांच्या मनात मला पुढे शिकवायचं नव्हतं. दिंडोरीकडचं एक स्थळ चालून आलं होतं आणि घरात त्याचीच कुजबुज होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाचलं, ‘आपल्या गावची रोहिणी दहावीला एकाहत्तर टक्के. आपले म्हणणे : या मुलीला पुढे शिकवावे.’ थांब्यावर उभा असलेला प्रत्येक माणूस त्या दिवशी वडिलांना विचारत होता, मग कोणत्या कॉलेजला घालताय? वडील घरी आले ते तणतणत. म्हणाले, “चिम्याला काय पडलंय माझ्या घरात?” दोन आठवडे ते नानांशी बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात माझा अकरावीचा फॉर्म भरायला स्वतः आले. आज मी सरकारी नोकरीत आहे, शहरात इंदिरानगरला राहते, आणि रविवारी माहेरी जाते तेव्हा आधी नानांकडे डोकावते.

पण नानांच्या हातून एकदा मोठी चूक झाली होती, आणि तीही सांगायला हवी. माझ्या निकालाच्या चार वर्षं आधीची गोष्ट. गावचं भजनी मंडळ टेम्पो करून पेठकडच्या एका गावी सप्त्याला गेलं होतं. सकाळी फुलबाजारात नानांना कुणीतरी म्हणालं, की सावळघाटात मखमलाबादचा टेम्पो उलटलाय. नाना घाबरेघुबरे परत आले आणि थेट फळ्यावर लिहिलं, ‘आपल्या भजनी मंडळाची गाडी घाटात उलटली.’ बायडाबाई म्हणून एक विधवा बाई होती, तिचा एकुलता एक मुलगा संतोष त्या टेम्पोत होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणीतरी तिला वाचून दाखवलं. ती चप्पल न घालता पेठ रोडने पळत सुटली आणि एका मोरीवरून खाली पडली. मांडीचं हाड मोडलं. दुपारी टेम्पो धडधाकट परत आला. तो उलटला नव्हता, पंक्चर झाला होता.

नानांनी त्याच दिवशी फळा पुसून लिहिलं, ‘सकाळची बातमी खोटी. लिहिणारा मी, चिमाजी काकड.’ त्यानंतर दीड महिना फळा कोरा राहिला. माणूस बसथांब्यावरून जायचंसुद्धा टाळायचा, बांधाबांधाने मळ्यात जायचा. शेवटी बायडाबाईच काठी टेकत नानांच्या दारात आली. हे मला नानांच्या बायकोने, भागूकाकूने, सांगितलंय.

“फळा लय उघडाबोडका दिसतोय, चिमाभाऊ,” ती म्हणाली. “लिहीत जा. फक्त पाहून लिहीत जा.”

ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली आणि शेवटपर्यंत लंगडत चालली. नानांनी मात्र त्या दिवसापासून एक नियम केला. बातमीच्या शेवटी ते एक शब्द जोडू लागले. पेपरातली असेल तर ‘वाचलेले’. गावातली असेल तर सायकल काढून स्वतः जाऊन यायचे आणि मग लिहायचे, ‘पाहिलेले’. नुसतं ऐकलेलं ते लिहीतच नसत. विहिरीत पडलेलं वासरू बाहेर काढलं ही बातमी लिहायला ते गोठ्यात जाऊन वासराला हात लावून आल्याचं मला आठवतंय.

मग फोन आले. आधी साधे, मग मोठ्या काचेचे. थांब्यावरची माणसं मान खाली घालून उभी राहायला लागली. मखमलाबाद कधीच महानगरपालिकेत गेलं होतं, आता मळ्यांमधून इमारती वर आल्या. फळ्याकडे पाहणारे कमी झाले, तरी नानांनी लिहिणं सोडलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर सायकल सुटली, फुलं टेम्पोने जायला लागली, तरी ते पायी येऊन लिहायचे. त्यांचा मुलगा योगेश सातपूरला कंपनीत आहे. तो एकदा म्हणाला, “नाना, गावाचा ग्रुप आहे. सातशे माणसं आहेत त्यात. शुभांगी तुमचं टाइप करून टाकत जाईल.” शुभांगी ही त्यांची सून. नाना म्हणाले, “टाकायचं नाही मला. लिहायचंय.” विषय तिथेच संपला.

हे झालं मागचं. आता मागच्या डिसेंबरातली गोष्ट.

नाशिकला बिबट्याचं भय आता काही नवं राहिलेलं नाही. मळ्यात, कधी तर कॉलनीतसुद्धा येतो. माणसं दचकून असतात आणि ते चुकीचंही नाही. अशातच एका मंगळवारी दुपारी गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. आमच्या शाळेची कमान, कमानीखालून एक भलाथोरला बिबट्या आरामात चालत येतोय, कॅमेऱ्याकडे पाहतोय आणि पाटाच्या दिशेने निघून जातोय. खाली लिहिलेलं, ‘आत्ताच. आपल्या शाळेजवळ. सावध राहा.’ अर्ध्या तासात शाळा सुटली. आयांनी मुलांना अक्षरशः ओढत घरी नेलं. मला इंदिरानगरला तो व्हिडिओ तिघांनी पाठवला आणि मीही, खरं सांगायचं तर, पुढे दोघांना पाठवला.

संध्याकाळी चाळीस-पन्नास माणसं काठ्या, कोयते आणि बॅटऱ्या घेऊन पाटाच्या कडेने निघाली. फटाके फोडले, पत्रे बडवले, द्राक्षबागेत दगड मारले. नानांच्या मळ्याच्या टोकाला फुलं तोडायला आलेल्या मजुरांच्या चार झोपड्या होत्या. पेठ तालुक्यातली माणसं, दरवर्षी हंगामाला येतात. जमाव त्या झोपड्यांपाशीही गेला, झोपडीमागे काही हललं म्हणून कुणीतरी काठी आपटली. ते त्या मजुरांतल्या यमुना गावितचं शेरडू निघालं.

बुधवारी सकाळी नाना मळ्यात गेले तर झोपड्या रिकाम्या. चुलीतली राख तेवढी गरम होती. शेवंती तोडणीला आलेली. भागूकाकू बांधावर बसून राहिली. “न सांगता गेले,” ती म्हणाली. “यमुना असं करायची नाय कधी.”

नाना घरी आले. वेदिका, त्यांची नात, तेव्हा दहावीला होती. शाळा बंद म्हणून ती घरीच होती. नाना तिला म्हणाले, “तो बिबट्या दाखव बरं मला.” त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यामुळे गावाने शंभर वेळा पाहिलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. वेदिका म्हणाली, “कशाला नाना, उगाच भीती वाटेल.” नाना म्हणाले, “या वयात?” तिने आईचा फोन आणून दिला.

नानांनी चष्मा लावून व्हिडिओ पाहिला. परत लावायला सांगितला. असं सात वेळा झालं, हे मला शुभांगीने सांगितलं. तिला वाटलं, सासऱ्यांना गंमत वाटतेय. मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि वेदिकाला म्हणाले, “चप्पल घाल. शाळेपर्यंत जाऊन येऊ.”

“पण बिबट्या—” शुभांगी म्हणाली.

“दिवसाढवळ्या जातोय. रस्ता वाहता आहे.”

शाळेची कमान आधी साधी होती. शहाऐंशी साली त्यावर नाव नानांनी रंगवलं होतं, शिडीवर चढून, तीन दिवस. त्यानंतर दोनदा रंग झाला, पण रंगाऱ्याने अक्षरं तशीच ठेवून त्यावरून ब्रश फिरवला. कमानीखाली उभं राहून नानांनी वेदिकाला फोनवर व्हिडिओ लावायला सांगितलं.

“आता बघ,” ते म्हणाले. “बिबट्या खालून जातो ना, त्या वेळी वर बघ. बिबट्याकडे नको बघू. ‘विद्यालय’मधला ‘द्या’ बघ. विरघळतो बघ. आधी ‘द्या’ आहे, मग ते काहीच नाही, नुसते वेलांटीसारखे आकडे. बिबट्या पुढे गेल्यावर जे अक्षर दिसतं ते कोणत्याच भाषेतलं नाही. मी हा ‘द्या’ रंगवताना पाऊण दिवस घालवलाय. तो असा हलणार नाही.”

वेदिका वर पाहत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

व्हिडिओ तिनेच बनवला होता. फोनमध्ये एक ॲप असतं, त्यात आपण काढलेला फोटो टाकायचा आणि शब्दांत सांगायचं की यात बिबट्या चालू दे. बाकीचं ते आपोआप करतं. तिने शाळेच्या कमानीचा फोटो टाकला, मैत्रिणीला गंमत म्हणून पाठवला आणि लिहिलं, ‘उद्या गणिताचा पेपर रद्द.’ मैत्रिणीकडून तो तिच्या मावशीकडे गेला, तिथून आणखी कुठेकुठे. वाटेत गणिताचं वाक्य गळून पडलं आणि ‘आत्ताच’ हा शब्द येऊन चिकटला.

“मी ‘आत्ताच’ नव्हतं लिहिलं, नाना,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “शप्पथ, मी नव्हतं लिहिलं.”

नानांनी तिला रागावलं नाही. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि त्यांनी तिला बायडाबाईची गोष्ट सांगितली. घरात ही गोष्ट कुणी कधी काढत नसे. वेदिकाने बायडाबाईला लहानपणी पाहिलं होतं, पण ती का लंगडते हे तिला ठाऊक नव्हतं.

घरी योगेश संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं होतं, की गप्प राहायचं. “चार दिवसांत लोक विसरतील. नाव बाहेर पडलं तर पोलिसांपर्यंत जाईल. पोरीचं दहावीचं वर्ष आहे, नाना.” शुभांगीचंही तेच.

“तिचं नाव मी लिहिणार नाही,” नाना म्हणाले. “पण व्हिडिओ खोटा आहे हे मी स्वतः पाहिलंय. ते लिहायला लागेल. तेवढं सोडलं तर मग इतकी वर्षं मी काय करत होतो?”

गुरुवारी सकाळी ते फळ्यापाशी गेले. वेदिका पाठोपाठ गेली, कुणी सांगितलेलं नसताना. नानांनी लिहिलं, ‘शाळेजवळचा बिबट्या खोटा आहे. तो मोबाईलवर बनवलेला आहे. कमानीवरची अक्षरे पाहावीत. पाहिलेले. बिबट्या आपल्या भागात नाहीच असे मी म्हणत नाही. तेवढे मी पाहिलेले नाही. मुलांना एकटे सोडू नये.’ ‘आपले म्हणणे’ त्या दिवशी नव्हतं.

कितीतरी दिवसांनी फळ्यासमोर गर्दी झाली. लोकांनी फोन काढून व्हिडिओ लावले, मान वर-खाली करत ‘द्या’ शोधू लागले. शेखर म्हणून हार्डवेअरचं दुकान असलेला एकजण आहे, ग्रुप तोच चालवतो. त्याने फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग तोच म्हणाला, “पण नाना, बनवला कुणी हे शोधलं पाहिजे. असल्याला धडा शिकवला पाहिजे.”

“मी बनवला,” वेदिका म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने सगळं सांगितलं. मैत्रिणीचं नाव तेवढं घेतलं नाही. “मी ‘आत्ताच’ लिहिलं नव्हतं,” शेवटी ती म्हणाली, “पण बनवला मीच.”

शेखरने हातातला फोन उलटा-पालटा केला. “ ‘आत्ताच’ मी लिहिलं,” तो हळूच म्हणाला. “माझ्याकडे आला तेव्हा नुसता व्हिडिओ होता. मला वाटलं, लोकांना कळलं पाहिजे. काळजीनं टाकलं, नाना.”

“काळजीनंच टाकतात सगळे,” नाना म्हणाले. “मीही काळजीनंच लिहिलं होतं.”

दोघातिघांना ते कशाबद्दल बोलताहेत हे कळलं. बाकीच्यांना नाही.

पोलीस वगैरे कुणी आलं नाही. वनखात्याचा अमोल नावाचा तरुण वनरक्षक आला, त्याने पाटाच्या कडेने फिरून ठसे पाहिले. कुत्र्याचे निघाले, एके ठिकाणी मुंगसाचे. त्याने वेदिकाला एवढंच सांगितलं, की खोट्याच्या मागे आम्ही दोन दिवस फिरलो, तेवढ्यात दुसरीकडे खरा निघाला असता तर आम्ही तिथे नसतो. ते तिला पोलिसांपेक्षा जास्त लागलं. शाळेत प्रार्थनेनंतर तिला सगळ्यांसमोर माफी मागायला लावलं. काही मुलं तिला अजून ‘बिबट्या’ म्हणतात.

रविवारी मी नेहमीप्रमाणे गेले तर नाना ओसरीवर टोपी घालून तयार बसलेले. म्हणाले, “रोहिणी, गाडी आणलीस? पेठला जाऊ.”

“पेठला कशाला, नाना?”

“यमुनाकडे. ती माणसं ग्रुपमध्ये नाहीत आणि फळाही त्यांना तिथून दिसत नाही. त्यांना कुणी सांगितलं असेल?”

वेदिकाही निघाली. मी गाडी चालवत होते, नाना शेजारी, पोर मागे. सावळघाट लागला तसे नाना काचेतून बाहेर पाहत राहिले. पाऊस संपून दोन महिने झाले होते, डोंगर पिवळे पडलेले, भाताच्या खाचरात नुसती खुंटं. पेठच्या अलीकडे उजव्या हाताला एक कच्चा रस्ता उतरतो, तिथे विचारत विचारत आम्ही पाड्यावर पोहोचलो. यमुना अंगणात नागली पाखडत होती. आम्हाला पाहून ती उठली, खाट टाकली, पाणी आणलं. नानांनी वेदिकाला पुढे केलं. तिने सांगितलं, बिबट्या खोटा होता, मी बनवला होता, माझ्यामुळे तुम्ही घाबरून आलात.

यमुनाने ऐकून घेतलं आणि ती हसली. रागाने नाही, नवलाने.

“बिबट्याला कोण भ्यालं, पोरी?” ती म्हणाली. “इकडं बिबट्या लय. मागच्याच महिन्यात कोंबड्या नेल्या. तो कोणत्या वाटेनं येतो, कधी येतो, आम्हाला ठाव हाय. सांजेला पोरांला आत घेतो, झालं. आम्ही माणसांला भ्यालो. पन्नास माणसं काठ्या घेऊन झोपडीवर आली. अंधारात त्यांला माझं पोर दिसलं असतं तर? शेरडू होतं म्हणून बरं.”

वेदिकाने मान खाली घातली. मीही, कारण ज्या दोघांना मी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता त्यांतला एक माझा चुलतभाऊ होता आणि तो त्या संध्याकाळी काठी घेऊन गेला होता.

नाना खाटेवरून उठले. “यमुनाबाई,” ते म्हणाले, “माझ्या मळ्यात येऊन माणसांनी तुमच्यावर काठी उगारली. मी घरात होतो. बाहेर यायला पाहिजे होतं.”

“तुम्ही म्हातारं माणूस, बाबा. तुम्ही काय करणार होता.”

“उभं तर राहिलो असतो.”

तिने चहा केला, गुळाचा. निघताना तिने वेदिकाच्या पदरात — म्हणजे ओढणीत — मूठभर वाळवलेली करवंदं घातली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. बुधवारी चारपैकी दोन कुटुंबं परत आली, यमुना त्यात होती. बाकीची दोन दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला लागली. तोवर बरीच शेवंती झाडावरच काळी पडली होती. भागूकाकूने ती उपटून बांधावर टाकली आणि त्याबद्दल घरात कुणाला एक शब्द बोलली नाही.

पाड्यावरून आल्यावर नानांनी फळ्यावर यमुनाचं म्हणणं लिहिलं. नाव लिहिलं नाही, ‘पेठकडची एक बाई म्हणते’ असं लिहिलं, आणि पुढे तिची दोन वाक्यं, तिच्याच बोलीत. खाली ‘ऐकलेले’ असा शब्द होता. तो शब्द मी त्या फळ्यावर पहिल्यांदा पाहिला.

या मे महिन्यात रस्ता रुंद करायला गोदामाची भिंत गेली. सिंहस्थ जवळ येतोय, सगळीकडेच रस्ते मोठे होताहेत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. भिंत पाडायच्या आदल्या दिवशी शेखर, योगेश आणि आणखी काहीजण नानांकडे गेले होते. म्हणाले, लोखंडी स्टँडवर नवा फळा करून देतो, जागा तुम्ही सांगा. नाना नको म्हणाले. हात आता थरथरतो, उभं राहवत नाही, आणि वाकडं अक्षर लोकांना वाचायला लावणं त्यांना पटत नाही. वेदिका म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहीन. तिला म्हणाले, “तू तुझं लिही. माझं कशाला?” ती अजून काही लिहीत नाही. दहावीला तिला अठ्ठ्याऐंशी टक्के मिळाले आणि ही बातमी लिहायला फळाच नव्हता, याची चुटपुट नानांपेक्षा मला जास्त आहे.

परवाच्या रविवारी गेले तर नाना ओसरीवर पेपर घेऊन बसले होते. मला वाचून दाखवू लागले. कुठल्याशा देशात एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो म्हणून कोर्टात दावा लावला, निकाल लागायला अकरा वर्षं गेली, तोवर कुत्रा मेला आणि म्हातारा आता त्याच शेजाऱ्याकडे नवीन पिल्लू आणायला मदत करतोय. आम्ही दोघं हसलो. मी विचारलं, “नाना, फळ्याची आठवण येते का हो?”

त्यांनी पेपरची घडी घातली.

“फळ्याची नाही इतकी,” ते म्हणाले. “लिहून झालं की मी जरा बाजूला, बाभळीखाली उभा राहायचो. माणसं वाचायची ना, तेव्हा त्यांचे ओठ हलायचे. नुकती वाचायला शिकलेली बाई, शाळेतलं पोर, एखादा म्हातारा. शब्द शब्द लावत जायचे, आणि शेवटच्या ओळीला पोहोचले की थोडं हसायचे. मला लांबून कळायचं कुणी कुठपर्यंत आलंय ते. आता फोनमध्ये वाचताना कुणाचे ओठ हलत नाहीत गं. काय वाचतात, कुठं थांबतात, काही कळत नाही.”

भागूकाकू आतून म्हणाली, “रोहिणी, पोहे टाकलेत, जाऊ नको लगेच.” नाना पुन्हा पेपर उघडून दुसरी बातमी शोधू लागले, आणि मी पाय वर घेऊन बसले.